कापसाच्या घरातला हिवाळा : वऱ्हाडातल्या घरगुती कारखान्यांनी ऊब कशी राखली? #थ्रेड

१/
पौषातली पहाट. पूर्णेच्या खोऱ्यातले शेगाव किंवा आसपासचे एखादे विणकरांचे गाव. घराच्या एका खोलीत माग आहे, कोपऱ्यात सुताच्या लडी आहेत, टोपलीत भरलेल्या कांड्या आहेत. बाहेर अंग काकडवणारी थंडी आहे आणि बोटे आखडली तर तुटलेला धागा सांधता येत नाही. अशा वेळी खोलीत विस्तव पेटवावा, हे सर्वांत सोपे उत्तर. पण या खोलीत नेमके तेच उत्तर चालत नाही. ते का चालत नाही, आणि मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी कारागिराने आपली कामाची जागा उबदार कशी राखली, याची ही हकिकत.

२/
आधी हवामान. विदर्भ म्हटले की आपल्याला उन्हाळाच आठवतो. पण समुद्रापासून दूर असलेल्या, कोरड्या हवेच्या आणि निरभ्र आकाशाच्या प्रदेशात दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १०-१२ अंश, असा फरक इथे नेहमीचा आहे. उत्तरेकडून थंडीची लाट आली की पारा आणखी उतरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. म्हणजे वऱ्हाडातली थंडी दिवसभराची नसते. ती रात्रीची आणि पहाटेची असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारागिराचे निम्मे उत्तर तिच्यात आहे.

३/
आता गाव. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेला ‘जीआयपी’चा लोहमार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून नागपूरपर्यंत गेला. शेगाव त्या मार्गावरचे स्टेशन. शेजारच्या जलंबहून १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजाराला फाटा निघाला. १८८१ मध्ये शेगावला नगरपालिका आली आणि १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती सुमारे १५ हजार भरली. गावाचा जीव कापसात होता.

४/
कापूस शेतातून थेट गाठोड्यात जात नसे. वाटेत त्याला अनेक घरांतून जावे लागे. कुठे बायका हाताच्या रेच्यावर सरकी आणि रुई वेगळी करीत. कुठे पिंजारी कमानीच्या तातीवर रुई पिंजून काढी. कुठे सूत काते, कुठे कोष्टी माग चालवी. नागपूर-वऱ्हाडकडे जाडेभरडे कापड विणणारा मोठा वर्ग महार विणकरांचा होता. ही सारी कामे राहत्या घरातच चालत. झोपण्याची जागा, स्वयंपाकाची जागा आणि कामाची जागा यांच्यात फार तर एक भिंत असे. पुष्कळदा तीही नसे.

५/
गावातले घरगुती कारखाने दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार विस्तवावर चालणारा : सोनार, लोहार, कासार, कुंभार. यांच्या कामालाच आग लागते. तेव्हा हिवाळ्यात त्यांची जागा आपोआप उबदार राही आणि शेजारपाजारचे लोक गप्पांच्या निमित्ताने भात्याजवळ येऊन बसत. दुसरा प्रकार विस्तवाला भिणारा : रेचा, पिंजण, चरखा आणि माग. थंडीचा खरा प्रश्न या दुसऱ्या प्रकाराचा होता.

६/
विस्तवाचे मोल किती होते, हे शेगावच्याच एका प्रसिद्ध कथेतून कळते. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ या ग्रंथात ती आली आहे. अक्षय्य तृतीयेचा दिवस. गजानन महाराजांच्या चिलमीसाठी मुले जानकीराम सोनाराकडे विस्तव मागायला गेली. सणाच्या दिवशी घरातला विस्तव दुसऱ्याला देऊ नये, म्हणून सोनाराने नकार दिला. पुढे चिलीम विस्तवावाचून पेटली, असे कथा सांगते. चमत्कार हा श्रद्धेचा विषय. पण इतिहासाच्या अभ्यासकाला कथेची पार्श्वभूमी मोलाची आहे. आगपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी विस्तव मागून आणावा लागे, आणि तो मागण्याची सहज आठवणारी जागा म्हणजे सोनाराची शेगडी.

७/
रात्री चुलीतले निखारे राखेखाली पुरून ठेवायचे आणि पहाटे फुंकून जागे करायचे, ही घरातल्या बाईची जबाबदारी. निखारा विझला तर शेजारी जायचे. पण पाण्याप्रमाणे विस्तवाच्या देवघेवीलाही जातीच्या मर्यादा होत्या. कोण कोणाच्या ओसरीपर्यंत जाऊ शकतो, कोणाच्या हातातून निखारा घेतला जातो, हे ठरलेले असे. गावाबाहेरच्या वस्तीतल्या विणकराला सोनाराच्या शेगडीची ऊब मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. ऊब ही केवळ हवामानाची बाब नव्हती.

८/
आता कापसाच्या खोलीत विस्तव का नको, याचे पहिले कारण उघड आहे. पिंजलेली रुई म्हणजे हवा भरलेले इंधन. पिंजाऱ्याची कमान वाजू लागली की तंतू हवेत उडतात, आढ्यावर, कोनाड्यात, जाळ्याजळमटांवर बसतात. एक ठिणगी उडाली तर ज्योत पृष्ठभागावरून क्षणात धावत जाते. शिवाय दाबून भरलेला कापूस वरून विझला तरी आत धुमसत राहतो आणि काही तासांनी पुन्हा पेटतो. एका ठिणगीत घर, माल आणि वर्षभराची उसनवारी जळून जाण्याची धास्ती प्रत्येक पिंजाऱ्याला आणि कोष्ट्याला होती.

९/
दुसरे कारण तेवढे उघड नाही, पण विणकराच्या दृष्टीने तेही तितकेच गंभीर. कापसाच्या धाग्याला ओलावा लागतो. ओला कापसाचा धागा कोरड्या धाग्यापेक्षा बळकट असतो. कोरडा पडला की तो ठिसूळ होतो, त्यावरचे तंतू उभे राहतात आणि माग ठोकताना तो तुटतो. खोली तापवली की हवा कोरडी पडते. १२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा आहे तशी २२ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास उतरते. माणूस सुखावतो आणि ताणा तुटू लागतो. ज्याने माणसाला ऊब मिळते, त्यानेच धागा बिघडतो.

१०/
ही अडचण एकट्या वऱ्हाडची नव्हती. ढाक्याच्या मलमलीचे अतितलम सूत कातणाऱ्या बायका पहाटेच्या दमट हवेत कातायला बसत आणि ऊन चढले की काम थांबवीत. हवा कोरडी असेल तर जवळ पाण्याचे भांडे ठेवीत. तिकडे इंग्लंडात लँकेशायरचे सुती हातमाग पुष्कळदा घराच्या तळघरात किंवा मातीच्या जमिनीच्या ओलसर खोलीत असत. शेजारच्या यॉर्कशायरमधला लोकरीचा विणकर मात्र वरच्या मजल्यावर, लांबच लांब खिडक्यांच्या उजेडात बसे. एकाच देशात, थोड्याच अंतरावर, धागा बदलला की घराचा आराखडा बदलत होता.

११/
मग वऱ्हाडी विणकराने काय केले? त्याने खोलीची हवा तापवण्याचा नाद सोडला आणि माणसाचे अंग उबदार ठेवण्यावर भर दिला. त्यासाठी तीन साधने होती : जागा, वेळ आणि वस्त्र. या तिन्हींत मिळून जी व्यवस्था उभी राहिली, ती कोणा एकाची युक्ती नव्हती. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून ती घडली होती आणि तिची किंमतही होती. आता एकेक साधन पाहू.

१२/
जागा : भिंत. गावगाड्याच्या भाषेत शेतजमीन ती ‘काळी’ आणि गावठाण ती ‘पांढरी’. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. घर बांधायला पांढरी माती लागे. वऱ्हाडातल्या गढ्या आणि सामान्य घरे या मातीच्या जाड भिंतींची. अशी भिंत दिवसाचे ऊन हळूहळू शोषते आणि रात्री हळूहळू परत देते. बाहेरचा पारा पंधरा अंश खाली-वर झाला तरी आतला फरक त्या मानाने फारच थोडा राहतो. उन्हाळ्यात गारवा देणारी भिंत ती हीच. हिवाळ्यातले तिचे उपकार कोणी फारसे मोजत नाही.

१३/
जागा : छप्पर. पूर्णेच्या खोऱ्यात ‘धाब्याचे घर’ सर्रास दिसे. लाकडी तुळया, त्यावर किलच्या किंवा काड्यांचा थर आणि वर मातीचा जाड थर. हे सपाट मातीचे छत थंडी अडवी, आणि गवताच्या छपरासारखे ठिणगीने पेटतही नसे. कापसाच्या घराला ही दुसरी सोय फार मोलाची. पण खिडक्या लहान आणि थोड्या. त्यामुळे ऊब राही, तसा धूरही राही आणि अंधारही राही. मागावर बारीक नजर लागते. म्हणून माग सहसा दाराजवळ किंवा ओसरीलगत, जिथे उजेड पोहोचतो तिथे मांडलेला असे.

१४/
जागा : खड्डा. इथला पारंपरिक माग म्हणजे खड्डामाग. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबून ताण्याचे धागे वर-खाली करतो. वर हाताने धोटा फेकून बाणा भरतो. खड्डा मुळात पावड्यांसाठी. पण त्याने आणखी दोन कामे होत. जमिनीलगतचा ओलावा ताण्याला मिळे. आणि दोन फूट खोलीवर दिवस-रात्रीचा तापमानफरक जवळजवळ पोहोचत नसल्यामुळे, पहाटे १०-१२ अंशांच्या हवेत थरथरणाऱ्या विणकराचे पाय तरी त्याहून बऱ्याच उबदार मातीत असत.

१५/
याला ‘पूर्वजांचे विज्ञान’ म्हणून केवळ टाळ्या वाजवणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्याच खड्ड्यात पावसाळ्यात पाणी झिरपे. विणकर तासन्‌तास वाकून बसे. पाठ आणि गुडघे दुखू लागत. कोंदट हवा, उडणारे तंतू आणि शेजारच्या चुलीचा धूर एकाच छातीत जाई. खोली धाग्यासाठी बांधलेली होती. माणसाने तिच्याशी जुळवून घ्यायचे होते. लँकेशायरच्या तळघरांविषयीही हेच म्हणावे लागते. घरगुती कारखान्याचा इतिहास वाचताना धाग्याची सोय आणि माणसाची सोय वेगवेगळी मोजली पाहिजे.

१६/
दुसरे साधन वेळ. थंडी पहाटेची आणि ऊन दुपारचे, हे हवामान विणकराने कामाच्या क्रमात बसवले. बोटांचे नाजूक काम, म्हणजे धागे सांधणे आणि फणीत भरणे, ऊन चढल्यावर. ताण्याला पाजण करण्याचे काम मात्र वेगळ्या गणिताचे. ज्वारी-तांदळाच्या पिठाची पेज लावून, लांबच लांब ताणा गल्लीत बांबूंवर पसरून, कुंचा फिरवीत पुढे-मागे चालावे लागे. ते सकाळीच करावे लागे. कारण ऊन आणि वारा वाढला की खळ भराभर वाळते आणि धागे एकमेकांना चिकटतात. पण त्यात चालणे होते. अंग आपोआप तापे.

१७/
ज्या कामाला जागा बदलता येई, ते उन्हात जाई. कांड्या भरणे, सूत उकलणे, रेचा फिरवणे ही कामे हिवाळ्यात अंगणात, ओट्यावर, दक्षिणेकडून ऊन येणाऱ्या भिंतीपाशी होत. ती करणाऱ्या बहुधा बायका, म्हातारी माणसे आणि मुले. सरकारी कागदांत ‘विणकर’ म्हणून पुरुषाचे नाव येते. पण एक माग चालता ठेवायला या अंगणातल्या हातांची सतत गरज असे. हिवाळ्यातले कोवळे ऊन हे त्या घराचे फुकटचे इंधन होते, आणि अंगण म्हणजे कारखान्याचा अर्धा भाग होता. मागच फक्त जागचा हलत नसे.

१८/
तिसरे साधन वस्त्र. दिवाळी सरली की पिंजारी खांद्यावर कमान टाकून दारोदार फिरे. वर्षभर दबून घट्ट झालेली गादी-रजईतली रुई तो पुन्हा पिंजून मोकळी करी. हे नुसते नीटनेटकेपण नव्हे. ऊब देते ती रुईत अडकलेली स्थिर हवा. रुई दबली की हवा जाते आणि ऊबही जाते. ऐपतीच्या घरात रजई आणि रुई भरलेली बंडी. गरिबाच्या घरात जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी किंवा वाकळ. कान झाकणारे मुंडासे आणि अंगाभोवती पासोडी, या वेशात विणकर पहाटे मागावर बसे. हात मात्र उघडेच. हातमोजे घालून धागा कळत नाही.

१९/
कापसाखेरीज दुसरे वस्त्र धनगरांचे घोंगडे. मेंढीच्या लोकरीचे, तेही खड्डामागावरच विणलेले. त्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर जळते, पण ज्योत पसरत नाही. म्हणून घोंगडे पांघरून शेकोटीला बसता येते, आणि रुईची रजई घेऊन बसणे धोक्याचे. शेतात जागल करणारा, गुरे राखणारा घोंगडे वापरतो, त्यात परवडण्याइतकाच हाही हिशेब आहे.

२०/
वस्त्राच्या उबेने मोठ्या इतिहासातही भाग घेतला. १८६०-७० च्या दशकांत कापूस आयुक्त जे. एच. रिव्हेट-कारनॅक याच्या अहवालांत विचार स्पष्ट होता : रेल्वेने कापूस बाहेर जावा, विलायती कापड आत यावे आणि विणकरांचे हात शेतीकडे वळावेत. तलम आणि मध्यम कापडाच्या विणकरांना याचा तडाखा बसला. जाडेभरडे हातमागाचे कापड मात्र बराच काळ तग धरून राहिले. ते जास्त टिके आणि जास्त ऊब देई. शेतमजुराला थंडीत आणि काट्याकुट्यांत जे वस्त्र हवे होते, ते मँचेस्टरच्या स्वस्त पातळ कापडाने पुरे पडत नव्हते.

२१/
तरी चूल तर पेटवावी लागेच. मग इंधन काय? पूर्णेचे खोरे म्हणजे सलग काळी जमीन. जंगल उत्तरेला सातपुड्यात, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत. लाकूड महाग. म्हणून शेणाच्या गोवऱ्या, तुराटी आणि पऱ्हाटी. यात एक विचित्र कोंडी होती. कापसाची वेचणी हिवाळाभर चाले, त्यामुळे पऱ्हाटी उपटून घरी यायची ती थंडी ओसरताना. पौषातली चूल गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीवर जळे. ज्याच्याकडे शेत नाही आणि साठवायला परसदार नाही, त्या विणकराला इंधनही विकत घ्यावे लागे.

२२/
कडाक्याच्या रात्री काही घरांत कोळशाची शेगडी आत घेतली जाई. कोळशाला धूर आणि ठिणगी कमी, म्हणून ती निर्धोक वाटते. पण बंद खोलीत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने १८५० च्या दशकात दाखवून दिले; खेड्यातल्या घराला ते कळायला फार उशीर लागला. दारे लावून शेगडीजवळ झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आजही हिवाळ्यात येतात. जुन्या धाब्याच्या घरात धुरासाठी ठेवलेले छतातले भोक या बाबतीत किती उपयोगाचे होते, हे त्यावरून समजावे.

२३/
पुढे काम घराबाहेर गेले. वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस आले आणि अंगणातला रेचा थांबला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापसाजवळची ही गिरणी, पण हवा कोरडी. घरातले ते दोन जुने प्रश्न तिच्याही दारात उभे. उत्तर यंत्रांनी दिले गेले. हवेत ओलावा राखणारी यंत्रे आणि आगीवर आपोआप पाणी फवारणारी स्प्रिंकलर व्यवस्था भारतात पहिल्यांदा बसवणारी गिरणी म्हणून एम्प्रेसचे नाव घेतले जाते. खड्डा आणि धाबे जे करीत होते, ते आता नळ आणि पंप करू लागले.

२४/
यंत्राने प्रश्न सुटला, असे मात्र नाही. इंग्लंडात विणाई विभागांत धागा तुटू नये म्हणून वाफ सोडली जाई आणि कामगार ओल्याचिंब कपड्यांनी थंडीत घरी जात. त्यांच्या तक्रारींतून १८८९ मध्ये ब्रिटिश संसदेला सुती विणकामाच्या कारखान्यांतील आर्द्रतेवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. धाग्याला काय हवे आणि माणसाला काय सोसवते, हा वाद घरातून गिरणीत आणि गिरणीतून कायद्यात पोहोचला. घरातल्या विणकराला मात्र असा कायदा कधीच मिळाला नाही. त्याचा मालकही तोच, कामगारही तोच.

२५/
घरगुती कारखान्याकडे पुन्हा गंभीरपणे पाहिले गेले तेही विदर्भातच. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली, जे. सी. कुमारप्पा तिथे होते. १९३८ मध्ये मगन संग्रहालय सुरू झाले. चरखा, घाणी, कागद यांच्याबरोबर धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ही मगनवाडीतच घडली. चरख्यावर बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांचाही विचार करायला हवा, ही जाणीव त्या चुलीत आहे. कताईचे तंत्र सुधारण्याइतकेच कातणाऱ्याचे घर सुधारणे महत्त्वाचे, हा धडा आज फारसा आठवला जात नाही.

२६/
आज शेगाव-खामगाव पट्ट्यात शिवणकाम, चांदीकाम, वेल्डिंग, गादीकाम अशी छोटी कामे घरालगतच्या खोलीत चालतात. भिंत एका विटेची आणि वर पत्रा. पत्रा उन्हात लगेच तापतो आणि रात्री लगेच निवतो. मातीच्या छताच्या अगदी उलट. म्हणून अशी खोली पहाटे बाहेरइतकीच गार असते आणि मग तिथे उघड्या तारेचा हीटर किंवा शेगडी येते. गादीवाल्याच्या दुकानात तर शेजारीच रुई. दीडशे वर्षांपूर्वी टाळलेला धोका आपण पत्र्याबरोबर पुन्हा घरात आणला आहे.

२७/
जुनी घरे परत बांधावीत, असा याचा अर्थ नाही. त्यांतला अंधार आणि धूर कोणालाही नको असेल. पण त्या घरांमागचा विचार अजूनही लागू पडतो. छताखाली जाड थर हवा. उन्हाकडे तोंड करून बसता येईल अशी जागा हवी. विस्तव आणि रुई यांच्यामध्ये भिंत हवी, विस्तव असेल तिथे धुराला वाट हवी. आणि सगळी खोली तापवण्याआधी काम करणाऱ्याचे पाय, पाठ आणि कान झाकले आहेत का, हे पाहायला हवे.

२८/
पुढच्या वेळी एखाद्या जुन्या विणकर वस्तीत किंवा वाड्यात गेलात, तर काही गोष्टी मुद्दाम पाहा. चूल कुठे आणि माग कुठे? ओटा कोणत्या दिशेला? मागाचा बुजवलेला खड्डा जमिनीत कुठे ओळखू येतो? छतात धुराचे भोक आहे का? कागदपत्रांत विणकराचे नाव, कर आणि कर्ज सापडते. त्याला थंडी वाजत होती का, हे सहसा सापडत नाही. ते भिंतीच्या जाडीवरून आणि ओट्याच्या दिशेवरून वाचावे लागते. तुमच्या घरी, गावी यातले काय शिल्लक आहे, आजी-आजोबा त्याला कोणत्या शब्दाने ओळखतात, हे खाली जरूर नोंदवा. ते शब्द हेही इतिहासाचे साधनच आहे.